ना हरकत प्रमाणपत्र (रस्ते मालमत्तेचे अपघाती नुकसान)

वाहनाच्या अपघातात रस्त्याचा कठडा, दुभाजक, पथदिव्याचा खांब, सिग्नल किंवा दिशादर्शक फलक यांची मोडतोड झाल्यास दुरुस्तीचा खर्च भरून घेतल्यानंतर रस्ते यंत्रणा आपली येणे बाकी उरली नसल्याचे लेखी कळवते. या पत्रास व्यवहारात ना हरकत प्रमाणपत्र म्हणतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये रस्ते मालमत्तेच्या नुकसानीसाठी असा दाखला नाही. तो प्रशासकीय प्रथेतून रूढ झाला आहे. तो मिळाला की प्रकरण संपले, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात पोलीस, रस्त्याची मालक यंत्रणा आणि विमा कंपनी यांच्याशी असलेले तीन संबंध स्वतंत्रपणे मिटवावे लागतात.

रस्ता कोणाचा?

अर्ज कोणाकडे करायचा हे रस्त्याच्या मालकीवर ठरते. महाराष्ट्रात राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग सामान्यतः जिल्हा परिषदेकडे, तर शहरातील बहुतेक रस्ते महानगरपालिका किंवा नगरपरिषदेकडे असतात. राष्ट्रीय महामार्गाचे काही भाग भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर काही सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे आहेत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्ग हे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे आहेत. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असल्यास राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवा असल्यास राज्यमार्ग समजावा. विजेच्या खांबाबाबत विशेष दक्षता लागते. रस्ता पालिकेचा असला तरी खांब महावितरणचा असू शकतो, आणि मग दोन ठिकाणची पत्रे आवश्यक ठरतात.

अपघात आणि आगळीक

सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीसाठी १९८४ चा केंद्रीय अधिनियम असून त्यात पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. हा कायदा सांगून अपघातग्रस्त चालकास घाबरविले जाण्याचा संभव असतो. परंतु त्यातील गुन्हा 'आगळीक' या संकल्पनेवर आधारलेला आहे. बोलीत आगळीक म्हणजे मर्यादाभंग किंवा खोडी; विधिभाषेत मात्र नुकसान करण्याचा उद्देश, किंवा ते होण्याचा संभव असल्याची जाणीव, हा तिचा गाभा आहे. टायर फुटून किंवा जनावर आडवे आल्याने कठड्यावर आदळलेल्या चालकापाशी असा उद्देश नसतो. निष्काळजीपणा सिद्ध झाला तरी तो आगळीक ठरत नाही. त्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम २७९) आहे.

हे कलम तडजोडपात्र गुन्ह्यांच्या यादीत नाही. त्यामुळे रस्ते विभागाने भरपाई स्वीकारली, तरी दाखल झालेला फौजदारी खटला आपोआप मिटत नाही. भरपाई म्हणजे दंडही नव्हे. दंड न्यायालय किंवा कायद्याने अधिकार दिलेला अधिकारी करतो, तर भरपाई हे मालकाचे दिवाणी येणे असते. कार्यालयीन पत्रव्यवहारातही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातून पुष्कळ घोटाळा होतो.

पोलीस कारवाई व वाहनाची सुटका

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ नुसार दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असल्यास, घटनास्थळी पोलीस नसतील तर चालकाने शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती देणे बंधनकारक आहे. विमा कंपनीसही लेखी कळवावे लागते. त्यानंतर पंचनामा होतो. पंचनाम्यातील मोजमापांवर पुढील आकारणी अवलंबून राहत असल्याने तुटलेल्या भागाची लांबी, खांबांची संख्या आणि जुनी मोडतोड यांची स्वतंत्र नोंद त्यात झाली पाहिजे. तारीख व वेळ दर्शविणारी छायाचित्रे चालकानेही काढून ठेवणे हिताचे असते.

कलम १३६ खाली तपासणीसाठी नेलेले वाहन औपचारिकता पूर्ण झाल्यावर २४ तासांत परत करावयाचे असते. गुन्ह्यात जप्त झालेले वाहन मात्र सामान्यतः न्यायालयाच्या आदेशाने, बंधपत्र घेऊन ताब्यात मिळते. जप्त वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य (२००२) या निकालात स्पष्ट केले आहे. जप्ती तपासासाठी असते. ती भरपाईच्या वसुलीचे तारण नव्हे.

आकारणी

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्यावर शाखा अभियंता किंवा कनिष्ठ अभियंता पाहणी करून दरसूचीनुसार अंदाजपत्रक तयार करतो आणि वरिष्ठांच्या मान्यतेनंतर मागणीपत्र दिले जाते. अंदाजपत्रकाची प्रत मागावी. तीमध्ये आधीच वाकलेला कठडा किंवा न तुटलेले खांब धरलेले आढळल्यास लेखी हरकत घेता येते. दुभाजकाच्या टोकास परावर्तक किंवा धोक्याचा फलक नव्हता, हा मुद्दाही येथेच मांडावा. रस्त्याच्या दोषाचा अपघातास हातभार लागला असेल तर सर्व भार चालकावर टाकणे न्याय्य नाही. रक्कम चलनाद्वारे किंवा अधिकृत पावतीवरच भरावी.

विमा

येथे चालकाची खरी कोंडी होते. तृतीय पक्षाच्या मालमत्तेसाठी खासगी मोटारीस साधारणतः ७.५ लाख रुपयांपर्यंत आणि दुचाकीस १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. हप्त्यात सवलत घेऊन ते ६,००० रुपयांपर्यंत मर्यादित केले असल्यास तेवढेच मिळते. पण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दायित्व मान्य करू नये अथवा रक्कम देऊ नये, अशी अट प्रमाणित वाहन विमापत्रात असते. याउलट रस्ते यंत्रणेला रक्कम तत्काळ हवी असते. घाईने भरलेला पैसा पुढे विमा कंपनी नाकारू शकते. म्हणून मागणीपत्र मिळताच ते कंपनीकडे पाठवून संमती मागणे हा क्रम सोयीचा ठरतो. मतभेद राहिल्यास मालमत्तेच्या नुकसानीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालू शकतो.

प्रमाणपत्रातील मजकूर

प्रमाणपत्रावर वाहन क्रमांक, अपघाताची तारीख, रस्त्याचे नाव, नेमके किलोमीटर स्थान, नुकसान झालेल्या वस्तू, भरलेली रक्कम, चलन क्रमांक आणि 'या घटनेबाबत अन्य येणे नाही' हे वाक्य असावे. सहीखाली अधिकाऱ्याचे पदनाम व जावक क्रमांक नसेल, तर त्याच नुकसानीचे दुसरे मागणीपत्र आल्यास ते दाखवून उपयोग होत नाही. मूळ प्रत वाहनमालकाने ठेवावी, एक प्रत विमा कंपनीस द्यावी आणि खटला चालू असल्यास एक प्रत न्यायालयात सादर करावी.