ठिणगी चुकते आणि पेट्रोल वाढतं

पंचवीस वर्षांची टर्बो गाडी सपाट रस्त्यावर गुमान चालते. चढ लागला आणि ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की मात्र हिसके मारते, मिसिंग करते. त्याच सुमारास तिचं ॲव्हरेजही पडतं. मालक म्हणतो, एकदम दोन दुखणी लागली. पण पुष्कळदा दुखणं एकच असतं. चुकलेली एक ठिणगी पेट्रोलची टाकी कशी रिकामी करते, ही यंत्रशास्त्रातली एक फार सुंदर गोष्ट आहे.

उदाहरणाला साब ९-५ घेऊ. स्वीडनमधल्या ट्रोलहेट्टन गावच्या साबनं १९७७ मध्ये ९९ टर्बो ही गाडी दाखवली आणि रोजच्या वापराच्या गाडीत टर्बो रुजवला. ९-५ आली १९९७ मध्ये. कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण त्या गाड्या जिवापाड जपणारे लोक अजून आहेत.

टर्बोचं काम ऐकायला सोपं आहे. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. जास्त हवा मिळाली की जास्त पेट्रोल जळतं आणि लहान इंजिन मोठ्याचं बळ दाखवतं.

पण दाटलेल्या हवेत ठिणगी पडणं अवघड असतं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिलं, की दोन टोकांमध्ये ठिणगी उडायला किती व्होल्ट लागतील हे वायूचा दाब आणि टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. स्पार्क प्लगमधली गॅप साधारण एक मिलिमीटरची. उघड्या हवेत ती ओलांडायला चार-पाच हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये पिस्टननं आवळलेल्या आणि त्याआधीच टर्बोनं दाबलेल्या हवेत तेच काम कित्येक पटींनी महाग होतं. प्लग झिजला की गॅप वाढते, म्हणजे गुणाकाराची दुसरी बाजूही वाढते. त्यातच प्लगला वीज देणाऱ्या कॉइलच्या इन्सुलेशनला बारीक तडा गेलेला असेल, तर विजेला दाट हवेपेक्षा त्या तड्यातून निसटणं सोपं जातं.

मंद चालीत गाडी ठीक आणि जोर दिला की मिसिंग, याचं कारण हे. प्लग बाहेर काढून उघड्यावर ठिणगी पाहणं म्हणूनच फसवं ठरतं. बाहेर लख्ख दिसणारी ठिणगी आत दाबाखाली विझलेली असू शकते. साबमध्ये तर चारही प्लगांवर कॉइलची एकच इग्निशन कॅसेट बसते आणि तिचा विद्युतदाब जिवावर बेतू शकतो. तिथं हा प्रयोग करूच नये.

आता चुकलेल्या ठिणगीचा पुढचा प्रवास पाहू. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला १०० स्फोट होतात. त्यातला एक झाला नाही, की त्या सिलिंडरमधली सगळी हवा आणि सगळं पेट्रोल न जळता बाहेर पडतं. वाटेत बसलेला असतो लॅम्डा सेन्सर. झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकातून विद्युतदाब तयार होतो. ज्या समीकरणानं तो मोजता येतो, ते वाल्थर नेर्न्स्ट यांनी मांडलं तेही १८८९ मध्येच. प्लग पाशेनचा नियम पाळतो, सेन्सर नेर्न्स्टचा, आणि एकाच वर्षी जन्मलेले हे दोन नियम एका आजारी इंजिनात एकमेकांसमोर येतात. मला याचं अप्रूप संपत नाही.

धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल तर सेन्सर सुमारे ०.९ व्होल्ट दाखवतो, ऑक्सिजन उरलेला असेल तर सुमारे ०.१. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, हे प्रमाण इंजिनाचा कॉम्प्युटर याच आकड्यांच्या आधारानं सांभाळतो. न जळलेल्या सिलिंडरमधून भरपूर ऑक्सिजन आला, की सेन्सर खरं तेच सांगतो: इथं ऑक्सिजन फार आहे. त्याच धुरात न जळलेलं पेट्रोलही आहे, हे मोजणं त्याच्या कामातच नाही. कॉम्प्युटर समजतो, पेट्रोल कमी पडतंय. तो ते वाढवतो, आणि तेही चारही सिलिंडरांना. धडधाकट तिघांना गरजेपेक्षा जास्त मिळतं. प्लगांवर काजळी धरते, काजळीतून वीज निसटते, आणखी ठिणग्या चुकतात. इथं कोणताही भाग खोटं बोललेला नाही, तरीही टाकी रिकामी होते.

उरलेलं पेट्रोल आणि ऑक्सिजन पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये भेटतात आणि तिथं जळतात. त्या उष्णतेनं आतलं सिरॅमिक वितळू शकतं. म्हणून इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला तर लगेच ॲक्सिलरेटर सोडावा.

स्फोट झाला की नाही हे साबला कसं कळतं, हीसुद्धा कमाल आहे. इतर बहुतेक गाड्या क्रँकशाफ्टचा वेग क्षणभर मंदावतो का ते पाहतात. साबची ट्रायॉनिक प्रणाली मात्र ठिणगी पडून गेल्यावर त्याच प्लगचा सेन्सर करते. ज्वाळेत विद्युतभारित कण असतात, त्यांतून किंचित प्रवाह वाहतो. प्रवाह नाही म्हणजे ज्वाळा नाही.

कधी साखळी उलट्या टोकानं सुरू होते. या गाडीत हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी आहे. टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी होस चिरला, की दाबाखाली मोजलेली हवा वाटेतच निसटते. पोतं मापून भरलं आणि घरी पोचेपर्यंत अर्धं सांडलं, तसं. पेट्रोल मात्र पूर्ण मापाचं पडतं. मिश्रण गच्च होतं, धूर काळा येतो आणि ठिणगी दमते. चीर थ्रॉटलच्या पलीकडे असेल, तर मंद चालीत न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि मिश्रण विरळ होतं. तिसरी वाट तापमानाची: थर्मोस्टॅट उघडा अडकला, की इंजिन पुरेसं तापतच नाही आणि कॉम्प्युटर गार इंजिनाला लागणारं जादा पेट्रोल देत राहतो.

तपासणीचा क्रम यातूनच ठरतो. मिसिंग कधी होतं ते आधी नीट पाहावं: दाबाखाली, मंद चालीत, की फक्त गार असताना. प्लग काढून गॅप आणि रंग पाहावा. कोरडी काळी काजळी जादा पेट्रोल सांगते. मग कॅसेट, मग होसपाइप. धूर भरून केलेली तपासणी बारीक चीरही दाखवते. स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम वाचावा: कॉम्प्युटर नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय, ते तिथं दिसतं. लॅम्डा सेन्सरवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा, कारण स्कॅनरवर त्याचं नाव दिसलं याचा अर्थ एवढाच, की तक्रार त्यानं नोंदवली.

खरं कारण सापडून दुरुस्त झालं, की काही दिवसांच्या चालण्यात फ्यूएल ट्रिम हळूहळू शून्याजवळ येतो. चढावरचे हिसके थांबतात आणि पेट्रोलही आवाक्यात येतं, दोन्ही एकाच दुरुस्तीनं. म्हणून जुन्या टर्बो गाडीचं ॲव्हरेज पडलं तर आधी तिच्या ठिणग्या मोजून घ्याव्यात.