दुधाची वाट, पाण्याची वाट

बार्शी तालुक्यातील वैराग परिसराच्या गायरानांवर चरणारी खिलार गाय मुळात दुभती नव्हेच. तिची कीर्ती बैलांमुळे, आणि म्हणूनच खोंड झाला की कासेवर पहिला हक्क त्याचा, घरच्या चुलीचा मागाहून. आरंभी चीक, पुढे वजनाच्या सुमारे दशांशाइतके दूध, हा साधारण दस्तूर. दुधात 100 पैकी 87 भाग पाणीच असते. तथापि शेपूट हलवीत, कासेला ढुशा देत प्यालेले दूध अन्ननलिकेच्या टोकाशी मिटणाऱ्या पन्हळीतून थेट चौथ्या पोटात उतरते, आणि हौदावरचे पाणी मात्र बहुतांशी पहिल्या पोटात, जेथे चारा आंबतो, तेथे जाते. सबब दूधपित्या वासरासही पाणी निराळे पाजावे लागते. दोन-तीन आठवड्यांचे वासरू आईच्या तोंडातले कडब्याचे पान ओढू लागते. गिळते थोडे, चघळते फार.