मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी सौम्य काडतुसांची हातभरणी : एक विवेचन

प्रस्तावना :
वापरलेल्या पुंगळ्या स्वच्छ करून त्यांत नवा प्राइमर, दारू व गोळी बसवणे आणि काडतूस पुन्हा सिद्ध करणे हा अमेरिकेतील नेमबाजांचा जुना छंद आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार काडतुसे तयार करण्यास परवाना आवश्यक असल्याने येथील वाचकास तो बहुधा अपरिचित असेल. काटकसर हे या छंदाचे एक कारण. काडतुसाची शक्ती गरजेनुसार ठरवण्याची मुभा हे दुसरे. 'शक्ती कमी, म्हणून धोकाही कमी' हा समज मात्र मॅग्नम काडतुसाबाबत अपुरा ठरतो. तो का, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सौम्य काडतुसाची गरज :
०.३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरसह बाजारात आले. ०.३८ स्पेशल या जुन्या काडतुसाची पुंगळी सुमारे ३.४ मिलिमीटरने लांबवून ते सिद्ध केले होते. हेतू असा की, अधिक दाबाचे हे काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या शस्त्रात बसूच नये. दोहोंच्या गोळीचा व्यास एकच, सुमारे ९.१ मिलिमीटर.

१०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ३७५ मीटर वेगाने सुटल्यास तिची ऊर्जा ७२० जूलच्या आसपास भरते. लक्ष्यवेधासाठी वापरली जाणारी ९.६ ग्रॅमची सपाट तोंडाची शिशाची गोळी सुमारे २१५ मीटर वेगाने जाते. तिची ऊर्जा २२० जूल, म्हणजे एकतृतीयांशाहूनही कमी. कागदाला स्वच्छ गोल छिद्र पाडून गुण मोजणे सुकर करण्यास एवढी ऊर्जा पुरते. धक्का कमी बसल्याने नेम लवकर सावरतो व हातही थकत नाही.

मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये ०.३८ स्पेशल काडतूस सुरक्षितपणे चालते, मग वेगळी भरणी कशाला, असा प्रश्न रास्त आहे. आखूड पुंगळीच्या तोंडापुढे कप्प्यात काजळी व शिशाचे कडे साचते आणि पुढे लांब काडतूस अडते. म्हणून काही नेमबाज मॅग्नम पुंगळीतच सौम्य भरणी करतात.

पुंगळीतील रिकामी जागा :
खरी अडचण येथून सुरू होते. ०.३८ स्पेशलची पुंगळी मुळात धुराच्या काळ्या दारूच्या हिशेबाने मोठी ठेवलेली होती. मॅग्नम पुंगळी तिच्याहून मोठी. धूरविरहित दारूची अल्प मात्रा तिच्या तळाशी पडून राहते. नळी खाली झुकवून उचलल्यास दारू गोळीकडे सरकते, वर रोखून आणल्यास प्राइमरकडे. त्यानुसार ज्वलन बदलते व वेग काडतुसागणिक कमी-अधिक होतो. लक्ष्यवेधात हा दोष क्षम्य नाही. गोळी पुंगळीच्या तोंडाबरोबर आत बसवणे किंवा अधिक जागा व्यापणारी दारू निवडणे हे त्यावरील रूढ उपाय होत.

दारूची निवड करताना मंद जळणारी मॅग्नम दारू वर्ज्य मानावी. एच-११० यासारखी दारू नीट जळण्यासाठी पुरेसा दाब व भरलेली पुंगळी लागते. तिची मात्रा निर्मात्याने दिलेल्या किंचित मर्यादेपलीकडे घटवू नये, असा स्पष्ट इशारा आहे. मात्रा फार घटल्यास ज्वलन अर्धवट राहते आणि गोळी नळीतच अडकू शकते. सौम्य भरणीस जलद जळणारी दारू योग्य, आणि तिची मात्रा निर्मात्याच्या छापील तक्त्यावरूनच घ्यावयाची.

दुहेरी भरण्याचा धोका :
जलद दारूचा धोका वेगळा. तिची मात्रा इतकी थोडी असते की, एकाच पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तरी ती ओसंडत नाही. सौम्य म्हणून भरलेले काडतूस मग शस्त्र फोडू शकते. अल्प मात्रेमुळे गूढ स्फोट होतात, अशी चर्चा नेमबाजांत जुनी आहे. तथापि दुहेरी भरणा हे त्याचे अधिक साधे व संभवनीय कारण दिसते. गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळी उजेडात पाहणे, या एका सवयीला कोणतेही यंत्र पर्याय ठरत नाही.

याउलट दारू पडलीच नाही, तर केवळ प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत शिरून थांबते. आवाज दबका येतो, धक्का जाणवत नाही. सौम्य काडतुसाचा आवाज मुळातच कमी असल्याने हा फरक निसटण्याची शक्यता अधिक. पुढचा बार तसाच उडवल्यास दुसरी गोळी पहिलीवर आदळते व नळी फुगते किंवा फुटते. म्हणून आवाजाविषयी शंका येताच नेमबाजी थांबवून, रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामे करून नळी आरपार मोकळी आहे की नाही हे तपासतात, आणि मगच पुढचे काडतूस भरतात.