फॅब लॅब

संगणकावर काढलेल्या आकृतीबरहुकूम वस्तू घडविणारी यंत्रे अभियांत्रिकीचे शिक्षण न घेतलेल्या व्यक्तीलाही स्वतः चालविता यावीत, या उद्देशाने उभारलेली लहान सामाईक कार्यशाळा. ‘फॅब्रिकेशन लॅबोरेटरी’ या शब्दांचे हे संक्षिप्त रूप होय.

या कल्पनेचा उगम अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत झाला. तेथे नील गेर्शनफेल्ड यांनी १९९८ मध्ये ‘(जवळजवळ) काहीही कसे बनवावे’ अशा अर्थाच्या नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. तो मोजक्या संशोधकांसाठी योजला होता. प्रत्यक्षात सुमारे शंभर विद्यार्थी आले व त्यांत तांत्रिक पार्श्वभूमी नसलेले अनेक होते. एका विद्यार्थिनीने किंकाळी साठवून घेऊन ती सोयीच्या ठिकाणी बाहेर सोडणारी, अंगावर बाळगण्याची पिशवी तयार केली. अशा वस्तूस बाजारात गिऱ्हाईक मिळणे कठीण. पण तिच्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉनिकीचे ज्ञान गरजेपुरते व गरजेच्या वेळी मिळविता येते, हे तीमुळे दिसून आले.

फॅब लॅबमध्ये सामान्यतः लेसर किरणाने कापणारे यंत्र, संगणकनियंत्रित मिलिंग यंत्र, त्रिमितीय मुद्रणयंत्र व विद्युत् मंडले जोडण्याची साधने असतात. यंत्र सुरू करणे अवघड नसते. अवघड असते ते आकृती आणि पदार्थ यांतील अंतर ओळखणे. उदा., ३ मिमी. जाडीच्या प्लायवुडचे दोन तुकडे एकमेकांत बसवावयाचे असल्यास नवशिका ३ मिमी. रुंदीचीच खाच काढतो. किरण स्वतःच्या रुंदीइतके, समजा ०·२ मिमी., लाकूड जाळतो. खाच ३·२ मिमी.ची होऊन सांधा ढिला पडतो. म्हणून प्रथम एका फळीवर २·७, २·८, २·९ अशा खाचा कापून कोणती घट्ट बसते ते पाहतात. या एका फळीतून नवशिक्यास जे समजते, ते व्याख्यानातून क्वचितच समजते.

एमआयटीबाहेरील पहिली फॅब लॅब २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रमात उभी राहिली. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत शाळा सोडलेली मुले काम करता करता वेल्डिंग, सुतारकाम व शेतीची तंत्रे शिकत. येथे यंत्र आले ते चालू कामाच्या मध्यभागी, आणि दुधाची तपासणी, डीझेल एंजिनाची जुळणी असे परिसरातील प्रश्न आधीच समोर होते. ही गोष्ट यंत्रांच्या यादीहून महत्त्वाची आहे. जेथे यंत्र आधी येते व प्रश्न मागाहून शोधावा लागतो, तेथे शोभेच्या वस्तूंचेच ढीग साचतात. पाउलो ब्लीक्स्टाइन यांनी २०१३ मध्ये ‘कीचेन’चे उदाहरण देऊन हाच धोका दाखविला : थोड्या श्रमात देखणी वस्तू हाती येताच विद्यार्थी तीच पुनःपुन्हा बनवितात व पुढील अवघड पायरी टाळतात.

फॅब लॅबच्या सनदेनुसार यंत्रांची निगा राखणे व केलेल्या कामाची नोंद इतरांसाठी ठेवणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी असते. आकृतीची फाइल जगभर पाठविता येते. प्लायवुड मात्र स्थानिक बाजारातलेच असते आणि ३ मिमी. म्हणून विकलेला तक्ता तंतोतंत तेवढा भरतोच असे नाही. त्यामुळे परगावाहून आलेल्या आकृतीतील खाचाही पुन्हा मोजूनच घ्याव्या लागतात.