चाळ पडली तरी हक्क पडत नाही

गिरगाव-भुलेश्वरच्या गल्ल्यांत पावसाळ्याच्या तोंडावर हमखास दिसणारं दृश्य म्हणजे चाळीच्या पोटाला लावलेले टेकू, त्यांतून वाट काढत वर जाणारा दूधवाला आणि जिन्यात रंगलेली चर्चा: पाडली तर आपलं काय? त्या चर्चेतल्या बऱ्याच गोष्टी ऐकीव असतात. इथं बोलायचं आहे ते मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींबद्दल. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या, 30 सप्टेंबर 1969 पर्यंत बांधलेल्या या भाड्याच्या इमारती. दुरुस्तीसाठी त्यांच्याकडून उपकर घेतला जातो आणि दुरुस्तीची जबाबदारी म्हाडाच्या मंडळावर येते. मूळ यादीत अशा 19,642 इमारती होत्या.

सगळ्यांत खोल रुतलेली भीती अशी, की इमारत जमीनदोस्त झाली की भाडेकरूचा हक्कही संपला. हे खरं नाही. सांगलीत महापालिकेनं पाडलेल्या एका इमारतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली हा प्रश्न निकालात काढला. भाडेपट्टा नुसत्या भिंती-छपराचा नसतो, खालच्या जमिनीचाही असतो. त्यामुळे भिंती गेल्या म्हणून भाडेकरूपण जात नाही. पागडीचंही, म्हणजे भाड्याच्या जागेसाठी वरून दिल्या जाणाऱ्या रकमेचंही, तसंच. ‘पागडी म्हणजे काळा व्यवहार’ हे वाक्य अजून ऐकू येतं. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याच्या 56व्या कलमानं ही देवघेव कायदेशीर केली. पावती मात्र हवी. ती नसेल तर कलमाचा उपयोग शून्य.

‘इमारत शंभर वर्षांची झाली, म्हणजे पाडायलाच हवी’ हा समज विकासकाला सोयीचा असतो. वय हा निकष नाही. संरचनात्मक तपासणीनंतर महापालिका इमारतीला सी-1, सी-2ए, सी-2बी किंवा सी-3 असा वर्ग देते. तातडीनं रिकामी करून पाडायची ती फक्त सी-1. सी-2बी आणि सी-3 मध्ये लोक राहत असतानाच दुरुस्ती होऊ शकते. आणि तज्ज्ञांचं मतही एकच असतं असं नाही. काळाघोड्याची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, जिथं 1896 मध्ये ल्युमिएर बंधूंची चित्रं भारतात पहिल्यांदा हलली, ती पाडावी असा अहवाल 2019 मध्ये आला होता. ती वाचवता येते, असं वारसा संवर्धनातल्या मंडळींनी दाखवून दिलं.

पुनर्विकासाच्या संमतीबद्दल थोडक्यात. सगळ्या भाडेकरूंची सही लागत नाही, आता 51 टक्के पुरतात. म्हणजे एकट्यादुकट्यानं अडून बसून योजना थांबेलच असं नाही.

खरा घोळ आहे तो चौरस फुटांचा. ‘सगळ्यांना 300 फुटांची खोली’ असं सर्रास बोललं जातं. 300 चौरस फूट चटई क्षेत्र ही निवासी भाडेकरूसाठी किमान मर्यादा आहे. जुनी खोली 180 फुटांची असली तरी 300 मिळतात. जागा त्याहून मोठी असेल तर तिच्या मापाची मिळते आणि त्याला वरची मर्यादा 120 चौरस मीटरची. दुकानदाराला मात्र हा किमान नियम लागू नाही. त्याला जेवढ्यास तेवढं. 90 फुटांचा गाळा असेल तर 90 फूटच. वर्षानुवर्षं वापरलेला पोटमाळा मोजणीत येईल असं धरून चालू नये. तो अधिकृत नोंदीत आहे का, हे आधी तपासावं लागतं.

‘खाली दुकानं, वर घरं’ ही कल्पना हल्ली मिश्र वापराचा प्रकल्प म्हणून चकचकीत पुस्तिकेत छापतात. मुंबईची चाळ दुसरं काय होती? खाली किराणा, शिंपी, भांड्यांचं दुकान, वर बिऱ्हाडं. फरक असा, की जुन्या गाळ्याची फळी उघडली की गिऱ्हाईक थेट पायरीवर. नव्या इमारतीत वाहनतळाचे मजले येतात, प्रवेशद्वारं वेगळी होतात, आणि तेवढ्याच फुटांचा गाळा मागच्या बाजूला किंवा पहिल्या मजल्यावर जाऊ शकतो. कायदा क्षेत्रफळ देतो. रस्त्यावरचं तोंड देत नाही. भांड्यांच्या दुकानाला ते तोंड गेलं तर 90 फूट मिळूनही काय करायचं? म्हणून मजला, दर्शनी रुंदी, गाळा क्रमांक आणि नकाशा हे सगळं नोंदणीकृत करारात हवं. ‘नंतर बघू’ म्हणणारा विकासक नंतर दिसतोच असं नाही.

यातूनच शेवटचा समज येतो: जागा सोडायची नाही, तीच आपली ताकद. तो कुठून आला हे समजण्यासारखं आहे. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या 672 कुटुंबांसाठी 2008 मध्ये करार झाला आणि दहा वर्षांनंतरही घरं उभी नव्हती. 2018 मध्ये म्हाडानं विकासकाला बाजूला केलं. पण दुसऱ्या बाजूला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत आहे. साडेसोळा एकरांच्या, जवळपास अडीचशे इमारतींच्या समूह पुनर्विकासात ती आलेली होती. काही कुटुंबं आधीच हलवली होती, काही राहिली होती. 31 ऑगस्ट 2017 च्या सकाळी ती कोसळली आणि 33 जण गेले.

सी-1 ची नोटीस लागली असेल तर ताकद दाराच्या कडीत नसते, कागदात असते. पाडण्याआधी प्रत्येक भाडेकरूचं नाव आणि त्याच्या जागेचं माप नोंदवून घ्यायचं असतं. त्या यादीची सही-शिक्क्याची प्रत आणि भाडेपावत्यांची जुनी थप्पी, एवढं घेऊन मगच जिना उतरावा.