अभ्यासक्रम बदलतो तो कोणत्या कागदावर?

लेखमाला : शाळेचा कारभार – लेखांक ५

मागच्या लेखांकात पाठ्यपुस्तक लिहिलं कसं जातं ते आपण पाहिलं. त्याच्या आधीची पायरी राहून गेली होती. कोणत्या इयत्तेत काय शिकवायचं, कोणती भाषा कधी सुरू करायची, परीक्षा घ्यायची की नाही, हे ठरवतं कोण? आणि ते ठरवण्याचा अधिकार त्यांना कुठून मिळतो? गेल्या पाच-सहा वर्षांत महाराष्ट्रात याबाबत एवढे निर्णय झाले आणि फिरले, की कोणता निर्णय अजून चालू आहे, हे मुख्याध्यापकांनाही तपासून पाहावं लागतं. या गोंधळाला आपण सहसा राजकारण म्हणून मोकळे होतो. राजकारण त्यात आहेच; पण प्रत्येक निर्णय कोणत्या प्रकारच्या कागदावर आला, हे पाहिलं की बरंच काही उलगडतं.

कायदा, नियम, आराखडा आणि जीआर

१९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेलं. तेव्हापासून केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. २००९चा शिक्षण हक्क कायदा हा केंद्राचा. त्याच्या कलम २९ नुसार पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत सरकारने अधिसूचित केलेल्या ‘शैक्षणिक प्राधिकरणा’ने ठरवायची असते. आपल्याकडे हे काम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे, म्हणजे एससीईआरटीकडे आहे. पुस्तकं करते १९६७ साली स्थापन झालेली बालभारती.

कायद्याच्या खाली नियम येतात. शिक्षण हक्क कायद्याखाली राज्याने केलेले नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात, तशी तरतूद त्याच कायद्यात आहे. त्यानंतर अभ्यासक्रम आराखडा. केंद्राचा शालेय शिक्षणाचा आराखडा २०२३ मध्ये आला. त्याच्या आधारे राज्याने आपला मसुदा मे २०२४ मध्ये जाहीर केला आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. मुदत जेमतेम दोन आठवड्यांची, तीही भर उन्हाळी सुट्टीत. त्यातल्या मनुस्मृतीच्या श्लोकावरून वाद पेटला आणि बाकीची शेकडो पानं चर्चेविना राहिली.

शेवटचा कागद म्हणजे शासन निर्णय, सगळ्यांच्या तोंडी असलेला जीआर. तो मंत्रालयातल्या विभागाकडून निघतो. खाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं छापलेलं असतं आणि त्याखाली अधिकाऱ्याची डिजिटल सही. तो विधिमंडळापुढे ठेवावा लागत नाही, त्याचा मसुदा आधी प्रसिद्ध करण्याचं बंधन नाही. एका संध्याकाळी तो संकेतस्थळावर येतो आणि दुसऱ्या सकाळी शाळेला लागू होतो. रद्द करायलाही तेवढाच वेळ पुरतो. राज्यातल्या शाळेत शिकवायचं काय, याबद्दलचे गेल्या काही वर्षांतले बहुतेक मोठे निर्णय या शेवटच्या कागदावर झालेले आहेत.

कायद्याने आलेली मराठी

याला ठळक अपवाद २०२०चा. सर्व मंडळांच्या, सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची करणारं विधेयक त्या वर्षी फेब्रुवारीत, मराठी भाषा दिनाच्या मुहूर्तावर, विधिमंडळाने एकमताने मंजूर केलं. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. अंमलबजावणीही टप्प्याटप्प्याने ठरवली होती. २०२०-२१ मध्ये पहिली आणि सहावी, मग दरवर्षी पुढची इयत्ता, आणि २०२४-२५ पर्यंत दहावी.

सभागृहात चर्चा होऊन आल्यामुळे हा निर्णय सरकारं बदलली तरी टिकला. पण पूर्ण ताकदीने टिकला, असं म्हणता येत नाही. करोनात शाळा बंद राहिल्या, इतर मंडळांच्या मुलांचा मराठीचा पाया कच्चा राहिला, असं कारण देत २०२३ मध्ये एक शासन निर्णय निघाला. त्या वर्षी आठवीत असलेल्या तुकडीपुरतं या शाळांत मराठीचं मूल्यमापन श्रेणीने करायचं आणि ती श्रेणी एकूण गुणांत धरायची नाही, अशी ही सवलत होती. आता ज्या विषयाचे गुण धरत नाहीत, त्याची तासिका शाळा कशी घेते, हे कोणत्याही आठवीतल्या मुलाला विचारा. विधिमंडळाने एकमताने केलेल्या कायद्याची धार विभागाच्या दोन पानी कागदाने बोथट होऊ शकते, एवढं त्यातून दिसलं.

१६ एप्रिल ते २९ जून

हिंदीचं प्रकरण आठवणीतलं आहे. तरी तारखा ओळीने मांडून पाहू.

१६ एप्रिल २०२५ रोजी जीआर निघाला. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवी हिंदी ही अनिवार्य तिसरी भाषा. तोवर मराठी शाळेत हिंदी पाचवीपासून होती. आठवडा उलटायच्या आत विरोध एवढा वाढला की ‘अनिवार्य’ हा शब्द मागे घेण्याची घोषणा शिक्षणमंत्री दादा भुसे यांना करावी लागली. सरकारच्याच भाषा सल्लागार समितीनेही आक्षेप घेतला होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०च्या मजकुरातही कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही, असं स्पष्ट म्हटलेलं आहे.

राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा १६ जूनला उघडल्या. दुसऱ्या दिवशी, १७ जूनला, सुधारित जीआर आला. आता हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा. दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर त्या इयत्तेत किमान २० मुलांनी मागणी करायला हवी. तेवढी झाली तर शिक्षक मिळेल, नाहीतर ऑनलाइन शिका. ही अट मुंबई-पुण्यातल्या मोठ्या शाळेत कदाचित बसेल. पण राज्यात अशा हजारो जिल्हा परिषद शाळा आहेत, जिथे पहिली ते चौथीचा पूर्ण पटच २०च्या आत आहे. तिथल्या मुलांना कागदावर पर्याय होता, प्रत्यक्षात नव्हता.

२९ जूनला मंत्रिमंडळाने दोन्ही जीआर रद्द केले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दुसऱ्या दिवशी पावसाळी अधिवेशन सुरू व्हायचं होतं. या जीआरविरोधात ठाकरे बंधूंनी ५ जुलैला पुकारलेला मोर्चा मग वरळीत विजयी मेळावा म्हणून झाला.

म्हणजे लहान मुलांच्या भाषेचा निर्णय अडीच महिन्यांत आला, वाकला आणि गेला. या अवधीत विधिमंडळाच्या कोणत्याही सभागृहात त्यावर एकदाही मतदान झालं नाही. निर्णयाच्या बाजूने असलेल्यांनी आणि विरोधात असलेल्यांनी, दोघांनीही खरं तर याची चिंता करायला हवी. जो कागद आज आपल्या मनासारखा रद्द झाला, तोच उद्या आपल्या मनाविरुद्ध पुन्हा निघू शकतो.

आठशे तासांचा हिशेब

या गदारोळात वर्गातल्या वेळेचा हिशेब फारसा कुणी मांडला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास लागतात. दिवसाला सरासरी चार तास. नव्या विषयाला रोज अर्धा तास दिला, तर वर्षाचे १०० तास गेले, म्हणजे एकूण वेळेचा आठवा भाग. दिवस लांबवला नाही तर हा वेळ कशातून तरी कापावाच लागतो. भाषा-गणिताला हात लावता येत नाही. मग कात्री चालते ती चित्रकला, कार्यानुभव आणि खेळावर.

आता दोनशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणा. याच कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. बाई पहिलीला अक्षरं गिरवायला देतात आणि दुसरीकडे वळून हातच्याची वजाबाकी शिकवतात. त्यातच शालेय पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, केंद्रप्रमुखांचा फोन. या बाईंच्या वेळापत्रकात नवा विषय ‘समाविष्ट करण्यात यावा’ असं लिहायला मंत्रालयात एक ओळ पुरते.

असं पूर्वीही झालं आहे. २००० साली प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. हेतू चांगला होता; गावातल्या मुलाला इंग्रजीची भीती वाटू नये हा. पण ज्यांना स्वतःला इंग्रजी पाचवीपासून शिकायला मिळाली, त्याच शिक्षकांना ती पहिलीला शिकवायची होती. विषय वाढवला की शिक्षक घडवण्याचं काम त्याच्या आधी सुरू व्हायला हवं, हा धडा पंचवीस वर्षांपूर्वीच समोर आला होता.

कोरी पानं, नापासी आणि ‘सीबीएसई पॅटर्न’

बाकीचे बदल थोडक्यात. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत आली आणि त्यांत नोंदींसाठी कोरी पानं जोडली. दप्तराचं ओझं कमी व्हावं आणि गरीब मुलांचा वहीचा खर्च वाचावा, हा उद्देश. प्रत्यक्षात मुलं वह्याही आणत राहिली. जानेवारी २०२५ मध्ये जीआरने ती पानं गेली. आलीही जीआरनेच होती.

पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा आणि गरज पडल्यास त्याच वर्गात ठेवणं, हा बदल मात्र पायरी-पायरीने आला. संसदेने २०१९ मध्ये कायदा दुरुस्त करून राज्यांना मुभा दिली, राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी त्यात आहे. तो निर्णय पटो न पटो, त्याची वाट तरी स्पष्ट दिसते.

‘सीबीएसई पॅटर्न’बद्दल पालकांत सर्वात जास्त गैरसमज आहे. राज्याच्या शाळा सीबीएसई मंडळाकडे जाणार नाहीत, राज्य मंडळ राहणार आहे आणि पुस्तकं बालभारतीच करणार आहे. राष्ट्रीय धोरणातल्या ५+३+३+४ या आकृतिबंधाशी अभ्यासक्रमाची रचना जुळवून घ्यायची, एवढा त्याचा अर्थ. २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली. त्यातल्या पहिल्या पाच वर्षांच्या टप्प्यात तीन वर्षं शाळेपूर्वीची आणि मग पहिली-दुसरी. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, पहिली शालेय शिक्षण विभागाकडे. एकाच टप्प्याचे दोन मालक. खरी कसोटी इथे आहे आणि चर्चा इथे सर्वात कमी आहे.

इतर राज्यांत काय झालं?

तमिळनाडूचं द्विभाषा धोरण १९६८पासून चालू आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्या राज्याने स्वतःचं शैक्षणिक धोरणच प्रसिद्ध केलं. कर्नाटकाने त्यासाठी आयोग नेमला; त्याचे अध्यक्ष मूळचे विदर्भातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात. त्यांनीही अहवाल त्याच महिन्यात दिला. दोन्हीकडे आधी समिती बसली, मग धोरण किंवा अहवाल आला. आपल्याकडे भाषेच्या बाबतीत आधी जीआर निघाला आणि मग समिती बसली.

मग मागायचं काय?

प्रत्येक बदलासाठी कायदा करा, असं म्हणणं व्यवहार्य नाही. चौथीच्या परिसर अभ्यासातला एक पाठ बदलायला कुणी अधिवेशनाची वाट पाहू नये. पण भाषांची संख्या, परीक्षेची पद्धत, शाळेचे तास यांसारखे लाखो मुलांच्या दिवसाला हात घालणारे बदल वेगळे. त्यांचा मसुदा आधीच्या वर्षी दिवाळीपूर्वी जाहीर व्हावा, हरकतींना किमान दोन महिने मिळावेत, एससीईआरटीने काय शिफारस केली ते कागद लोकांपुढे यावेत आणि विधिमंडळात त्यावर चर्चा व्हावी. शाळा उघडल्यावर विषय ठरवणं कायमचं थांबावं.

तोवर आपल्या हाती आहे ते वाचन. पुढचा जीआर येईल तेव्हा बातमीवर थांबू नका, मूळ कागद उघडा. वरच्या प्रस्तावनेत कोणत्या कायद्याचा किंवा आराखड्याचा आधार दिला आहे ते पाहा. मग वेळापत्रकातला कोणता तास कमी होणार ते शोधा. शेवटी वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक आहे का, तेही बघा. तो नसेल तर नवीन पदाला बहुधा पैसा नाही. काम आहे त्याच शिक्षकावर पडणार. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हे तीन मुद्दे मांडण्याचा अधिकार पालकांना आहे. त्या समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्याच असतात, तेही कायद्यानेच.

पुढील लेखांक : शाळा व्यवस्थापन समितीचे अधिकार काय, आणि ते वापरायचे कसे?