नागझिऱ्याला जाताय? थोडं थांबा!

आम्ही तिरोड्याचे. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की तर्रीपोह्यांच्या बशीबरोबर प्रश्न येतोच, 'नागझिऱ्यात वाघ दिसतो ना हो?' मी उलट विचारतो, 'आरक्षण कोणत्या गेटचं केलंय?' निम्म्यांना ठाऊक नसतं. आम्हाला जवळचं चोरखमारा गेट. पिटेझरी साकोलीच्या बाजूला. पिटेझरीचा परवाना काढून मुक्काम तिरोड्यात ठेवला, तर भल्या पहाटे जंगलाला वळसा घालत धावायचं!

आरक्षण वनखात्याच्या संकेतस्थळावर होतं. तारीख, गेट आणि सकाळ की दुपार, एवढं घरीच ठरवा. परवान्यावरचं नाव आणि जवळचं ओळखपत्र जुळलं पाहिजे. (बँकेत हयात घालवल्यामुळे या बाबतीत माझी सहानुभूती गेटवरच्या कारकुनाला असते.) जिप्सीचं आणि गाईडचं शुल्क वेगळं, ते आधी विचारून घ्या. पावसाळ्यात पर्यटन बंद असतं, आठवड्याची सुट्टीही असते. थंडीतल्या सकाळी उघड्या गाडीत कानटोपीला पर्याय नाही. भडक कपडे आणि अत्तर घरी राहू द्या.

सामानाची तयारी सोपी. मनाची अवघड.

गेल्या खेपेला आमचे भाचेजावई परतले ते रागावूनच. 'वाघ दाखव, हजार रुपये देतो म्हटलं, तरी नाही!' असं बक्षीस लावलं की चालकाचं लक्ष रस्त्यावरून उडतं. दुसऱ्या गाडीला वाघ दिसल्याचं कळताच तो तिकडे सुटतो. मग तिसरी गाडी, चौथी. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांमध्ये अडकले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक-गाईडांवर निलंबनाची पाळी आली. गावातल्या पोराची रोजी जाते. पर्यटक फोटो घेऊन घरी जातो.

त्या उमरेडच्या जंगलाशी आमचं जुनं नातं आहे. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' २०१३ मध्ये शेतं, रस्ते ओलांडत तिकडे गेला. त्याला पाहायला लोक लोटले. एप्रिल २०१६ नंतर तो कुणालाच दिसला नाही. नागझिरा १९७० पासून अभयारण्य, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तरी इथले वाघ मोजकेच. म्हणून २०२३ मध्ये चंद्रपूरकडच्या दोन वाघिणी आणून सोडाव्या लागल्या. अशा जंगलात हजाराच्या नोटेवर वाघ कसा मिळणार?

व्यंकटेश माडगूळकर इथे राहिले आणि 'नागझिरा' लिहून गेले. किरण पुरंदरेंनी तर चारशे दिवस काढले आणि 'सखा नागझिरा' लिहिलं. यातलं एखादं पुस्तक येताना गाडीत वाचा. मुलांनाही वाचून दाखवा. गाईडला पहिल्यांदा वाघाचं विचारू नका. मोहफुलं आणि तेंदूपान गोळा करणाऱ्या घरातला असतो तो. मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन दाखव म्हणा, अस्वलाने पोखरलेलं वारूळ दाखव म्हणा. वानर नुसतं खेळतंय की धोक्याची हाक देतंय, हे त्याला विचारा. त्याचा चेहरा खुलतो.

भाचेजावयांच्या सहाव्या इयत्तेतल्या मुलीने मात्र रानकुत्र्यांचा कळप पाहिला होता. तळ्याकाठी दहा मिनिटं कुणीच बोललं नाही, म्हणाली. तिने वहीत आठ कुत्री काढली होती, आणि कडेला गाईडकाकांचं नाव.